गोत बसते तेव्हा

मलकापूरची पेठ ओलांडली की रस्ता आंबा घाटाने कोकणात उतरतो. विशाळगडच्या पंतप्रतिनिधींच्या जहागिरीचे हे गाव. जुन्या मराठी मुलखातल्या अशा गावांत वतनाचा किंवा शिवेचा तंटा उभा राहिला की गोत बसे. पाटील, कुलकर्णी, बलुतेदार आणि शेजारगावची जाणती माणसे जमत. वादी-प्रतिवादी आधी निवाडा मान्य असल्याचा राजीनामा लिहून देत, जामीन उभे करत. मग साक्षी, शेवटी महजर, म्हणजे निवाड्याचा लेख. त्याखाली पाटलाचा नांगर, कुलकर्ण्याची लेखणी आणि ज्याच्या त्याच्या धंद्यातल्या हत्याराची निशाणी. शिवेच्या वादात महाराच्या साक्षीला मोठे वजन असे, पण त्याला बसायला मात्र दूरची जागा. गोताची थोरवी सांगताना हे लपवू नये.

असाच रिवाज प्राचीन इस्राएलांत दिसतो. त्यांचे वडीलधारे नगराच्या वेशीत बसत. रूथच्या कथेत बवाज बेथलेहेमच्या वेशीत दहा वडिलांना बसवून घेतो. जवळचा नातलग जमिनीवरचा हक्क सोडतो आणि सर्वांदेखत पायातली वहाण काढून देतो. व्यवहार पक्का. कागद नाही, माणसांची आठवण हीच नोंद.

इस्राएलांचे बारा वंश मात्र हाकेसरशी एकत्र येत, असे समजू नये. बायबलमधल्या सर्वांत जुन्या रचनांत गणल्या जाणाऱ्या दबोरेच्या गीतात लढाईला आलेल्या वंशांची वाखाणणी आहे, तशीच न आलेल्या रऊबेन, दान, आशेर यांची कानउघाडणीही. आणि पुढे शखेमला लोकांनी रहबाम राजापुढे एकच मागणे ठेवले, बापाने लादलेले ओझे हलके कर. त्याने म्हाताऱ्यांचा सल्ला डावलून बरोबरीच्या तरुणांचे ऐकले. उत्तरेचे वंश उठून गेले, राज्य दुभंगले. मला ही घटना फार मोलाची वाटते. मागितलेली संमती नाकारताही येते, हे राजाला तिथे कळले.

आपल्याकडे प्राचीन इस्राएलांचा हा वारसा सांगणारे ज्यू म्हणजे बेने इस्राएल. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले आणि सात जोडपी वाचली, ही त्यांची परंपरा. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ते शनवार तेली. पेणकर, रोहेकर, दिवेकर ही आडनावे गावांवरून पडली. खेड्यात काजी धर्मकृत्यांबरोबर तंटेही सोडवी. कंपनीच्या पलटणीतले सॅम्युएल दिवेकर यांनी 1796 साली मुंबईत पहिले सभास्थान बांधले. तिथल्या जमातीच्या कारभारात मुकादम आणि चौगुला होते, ही पदे सरळ आपल्या गावगाड्यातली. याच समाजात गोरे आणि काळे इस्राएल असा भेद होता, रोटीबेटी बंद होती. त्या जमातीत सर्वांना सारखा मान नव्हता, ही जखम खरीच.

1948 नंतर बहुतेक कुटुंबे इस्राएलला गेली. तिथल्या मुख्य रब्बींनी 1960 नंतर त्यांच्या विवाहांसाठी पूर्वजांची चौकशी करण्याचे फर्मान काढले. पिढ्यान्‌पिढ्या शब्बाथ पाळलेल्या माणसांना वंशशुद्धीचा दाखला मागितला गेला! 1964 च्या उन्हाळ्यात ही मराठी बोलणारी कुटुंबे जेरुसलेमच्या रस्त्यावर ठिय्या देऊन बसली. आमचा निवाडा आमच्या पाठीमागे करू नका, एवढेच त्यांचे म्हणणे, आणि ते कुठल्याही गोतात मान्य झाले असते. 17 ऑगस्ट 1964 रोजी इस्राएलच्या संसदेने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचे मान्य केले. त्यानंतर रब्बींनाही ते फर्मान बदलावे लागले.