डोळ्यातील इंजेक्शन : दोन भेटींमधले अंतर कोणी ठरवावे?

साठीनंतर नजर मंदावली की आपल्याकडे पहिला संशय मोतीबिंदूवर जातो. परंतु वाचताना ओळीच्या मधलीच अक्षरे पुसट होणे, समोरच्याचा चेहरा न ओळखणे, दाराची सरळ चौकट वाकडी भासणे ही लक्षणे डोळ्याच्या पडद्याच्या विकाराचीही असू शकतात. पडद्याच्या मध्यभागी असलेल्या पीतबिंदूमुळे आपल्याला बारकावे दिसतात. वाढत्या वयात त्याची झीज होते. या विकाराचा कोरडा प्रकार अधिक आढळतो व सावकाश वाढतो. ओल्या प्रकारात मात्र पडद्याखाली नाजूक नव्या रक्तवाहिन्या तयार होतात, त्यांतून द्राव व रक्त झिरपते आणि काही आठवड्यांतच मधली नजर कायमची जाऊ शकते.

या रक्तवाहिन्यांना वाढवणाऱ्या प्रथिनाला रोखणारी औषधे डोळ्यात इंजेक्शनने दिली जातात. रॅनिबिझुमॅबला अमेरिकेत २००६ मध्ये मान्यता मिळाली, तेव्हाच्या प्रमुख चाचण्यांत ते दरमहा दिले गेले होते. औषधाचा परिणाम काही आठवड्यांत ओसरतो, म्हणून पुनःपुन्हा जावे लागते. धाराशिव जिल्ह्यातील परंडा, वाशी वा लोहाऱ्याच्या वृद्धाला सोलापूर किंवा लातूर गाठायचे तर त्याचा दिवस जातो, सोबतच्या मुलाची मजुरीही बुडते. दरमहा हे कुठवर जमणार?

यासाठी लवचीक वेळापत्रकाच्या दोन पद्धती आहेत. पहिलीत आरंभीच्या मासिक इंजेक्शनांनंतर दरमहा केवळ तपासणी होते आणि द्राव दिसला तरच इंजेक्शन दिले जाते. यात सुया कमी लागतात, फेऱ्या मात्र तेवढ्याच राहतात. दुसरीत प्रत्येक भेटीत इंजेक्शन दिले जाते, परंतु पडदा कोरडा राहिल्यास पुढील अंतर साधारण दोन आठवड्यांनी वाढवतात : चार, सहा, आठ, दहा, बारा, काहींना सोळा आठवड्यांपर्यंतही. दहाव्या आठवड्यात द्राव परतला तर पुन्हा आठवर यावे लागते. दूरवरून येणाऱ्या कुटुंबाला दुसरी पद्धत बहुधा सोयीची ठरते. आपल्या रुग्णासाठी कोणती पद्धत योग्य, हे नेत्रतज्ज्ञांना अवश्य विचारावे.

मात्र हे अंतर ओसीटी या पडद्याच्या तपासणीवरून ठरते, रुग्णाच्या अंदाजावरून नव्हे. ‘आता बरे दिसते, सुगी उरकली की जाऊ’ हे वाक्य दवाखान्यात वरचेवर कानी पडते. परंतु नजर घटण्यापूर्वीच द्राव साचू लागलेला असतो. उशीर झाल्यास व्रण पडतो आणि गेलेली नजर बहुधा परत येत नाही.

खर्चाची अडचण असेल तर उपचार सोडण्यापूर्वी पर्याय विचारावेत. मूळचे कर्करोगावरील बेव्हॅसिझुमॅब हे औषध बरेच स्वस्त पडते. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अमेरिकी चाचणीत, समान वेळापत्रकाने दिल्यास नजरेवरील त्याचा परिणाम रॅनिबिझुमॅबइतकाच आढळला. एका कुपीतून अनेक मात्रा काढल्या जात असल्याने निर्जंतुकतेची काटेकोर काळजी असलेले केंद्रच निवडावे. रॅनिबिझुमॅबची भारतीय जैवसमरूप आवृत्तीही २०१५ पासून उपलब्ध आहे.

इंजेक्शनपूर्वी डोळा बधिर करतात. नंतर पांढऱ्या भागावर लाल डाग दिसला तरी तो सहसा आपोआप जातो. पण दुखणे किंवा लाली वाढत गेली, उजेड सोसेना वा नजर घटली तर ती संसर्गाची खूण असू शकते. अशा वेळी पुढील तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे.

घरच्यांनी तीन गोष्टी सांभाळाव्यात. दर भेटीत पुढची तारीख लिहून घेऊन दिनदर्शिकेवर खूण करावी. ओसीटीचे सर्व अहवाल एकाच पिशवीत ठेवावेत. आणि रोज एकेक डोळा झाकून, नेहमीचा चष्मा लावून, चौकटीच्या वहीचे पान पाहण्याची सवय रुग्णाला लावावी. रेषा वाकड्या दिसल्या किंवा मधला भाग काळसर वाटला तर ठरलेली तारीख लांब असली तरी लगेच तपासून घ्यावे. दुसऱ्या डोळ्यालाही हा विकार होऊ शकतो. एक डोळा झाकल्याशिवाय तो लक्षात येत नाही.