सॉनेटमधलं यमक नुसतं सजावटीसाठी असतं का?

शाळेत इंग्रजीच्या पेपरात 'राइम स्कीम लिहा' असा प्रश्न यायचा, आठवतंय? ओळींपुढे ए, बी, ए, बी लिहायचं, मार्क मिळवायचे आणि विसरून जायचं. पण कवितेतला विचार कसा पुढे सरकतो, हेही या अक्षरांवरून कळतं. सॉनेटचंच उदाहरण घेऊया.

यमकरचना कशी ओळखायची?

पहिल्या ओळीच्या शेवटच्या शब्दाला 'क' म्हणा. पुढची ओळ त्याच्याशी जुळली तर तिलाही 'क', नाहीतर 'ख'. नवा आवाज आला की पुढचं अक्षर. मात्र स्पेलिंगवर जाऊ नका, शब्द मोठ्याने म्हणा. 'लव्ह' आणि 'मूव्ह' यांच्या स्पेलिंगचा शेवट सारखाच आहे, पण आजच्या उच्चारात ते जुळत नाहीत.

इटलीतून इंग्लंडमध्ये

सॉनेट म्हणजे १४ ओळींची कविता. चौदाव्या शतकात इटलीतल्या पेत्रार्कमुळे ती गाजली. त्याच्या पहिल्या ८ ओळींची नेहमीची रचना कखखक कखखक अशी. म्हणजे दोनच यमकं आणि प्रत्येकासाठी ४ जुळणारे शब्द! इटालियनमधले बहुतेक शब्द स्वरात संपतात, त्यामुळे जुळणारे शब्द भरपूर. इंग्रजीत मात्र चौथा शब्द शोधताना कवीची दमछाक होते.

सोळाव्या शतकात थॉमस वायट यांनी सॉनेट इंग्रजीत आणलं. त्यांच्या पाठोपाठ अर्ल ऑफ सरे हेन्री हॉवर्ड यांनी नवी मांडणी वापरली: कखकख गघगघ चछचछ जज. यमकं ७, पण प्रत्येकाला शब्द दोनच. १६०९ मध्ये शेक्सपिअरची १५४ सॉनेट छापली गेली. त्यांतली जवळपास सगळी याच साच्यातली, म्हणून आज हा साचा त्याच्याच नावाने ओळखला जातो.

मग फरक काय पडला?

पेत्रार्कच्या साच्यात पहिल्या ८ ओळी मनातली तगमग मांडतात, नवव्या ओळीला विचार वळतो आणि उरलेल्या ६ ओळी त्याला उत्तर देतात. शेक्सपिअरच्या साच्यात चार-चार ओळींचे ३ गट आणि शेवटी २ ओळी. त्यामुळे एकच गोष्ट तीन बाजूंनी सांगून शेवटच्या जोडीत निकाल लावता येतो, किंवा सगळं उलटवताही येतं.

मराठीत सॉनेट आणलं केशवसुतांनी, १८९२ च्या सुमारास. त्यांनी त्याला 'चतुर्दशक' म्हटलं, पुढे 'सुनीत' हे नाव रुळलं.

आता एखादं सॉनेट समोर आलं तर नुसती अक्षरं लिहून थांबू नका. नवव्या ओळीला आणि शेवटच्या दोन ओळींना काय बदलतं, ते पाहा.