कर्ज फेडता फेडता अडीनडीचा पैसाही बाजूला ठेवा



"आधी कर्ज फिटू दे, मग शिल्लक टाकू," असं आपल्यापैकी बरेच जण म्हणतात. पण ऐन पाण्याच्या पाळीत मोटर जळते किंवा घरात कोणी आजारी पडतं, तेव्हा हात रिकामा असतो. मग पुन्हा सावकाराचं दार. हिशोब करून बघा. मोटर भरायला ८,००० रुपये शेकडा पाचने उचलले, तर महिन्याला ४०० रुपये व्याज. चार महिन्यांत १,६०० गेले, मुद्दल तसंच. वर्षाला हा दर ६० टक्के पडतो.

*किती ठेवायचे?*
बोरिवली, मुलुंड, घाटकोपरला गेलेल्या मालाचे पैसे जमा झाले की घरखर्चाआधी दहातला एक रुपया बाजूला काढा. आठवड्याला ५,००० आले तर ५००. वीस आठवड्यांत १०,००० होतात. पहिलं लक्ष्य एवढंच. ते गाठलं की सगळा जोर कर्जावर. महागडं कर्ज फिटल्यावर तीन महिन्यांच्या घरखर्चाइतकी शिल्लक करा. मोडली तर पुढच्या पैशातून आधी ती भरा.

*आधी कोणतं कर्ज?*
१. पीक कर्ज मुदतीत भरा. ३ लाखांपर्यंतचं पीक कर्ज वेळेत फेडलं तर केंद्र आणि राज्याच्या व्याज सवलतीमुळे ते जवळपास बिनव्याजी पडतं. तारीख चुकली की सवलत हातची जाते. आपली शेवटची तारीख बँकेत किंवा सोसायटीत आजच विचारून घ्या.
२. त्यानंतर सावकाराचं. परवानाधारक सावकाराला शेतकऱ्याकडून तारणावर वर्षाला ९ टक्के आणि विनातारण १२ टक्के यापेक्षा जास्त व्याज घेता येत नाही. जास्त मागत असेल तर सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे तक्रार करता येते.
३. मग सोनेतारण, खता-औषधांची उधारी. ज्याचं व्याज जास्त, ते आधी.

*हा पैसा ठेवायचा कुठे?*
आपला माल जिथे जातो, त्या उपनगरांतलाच अनुभव बघा. १३ फेब्रुवारी २०२५ ला रिझर्व्ह बँकेने न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आणले आणि खात्यातून पैसे काढणं बंद झालं. अंधेरीच्या शाखेबाहेर ठेवीदारांची गर्दी उसळली. २७ फेब्रुवारीपासून २५,००० रुपयांपर्यंत काढायची मुभा मिळाली. ऑगस्टमध्ये ती बँक सारस्वत बँकेत विलीन झाली. त्याआधी सप्टेंबर २०१९ मध्ये भांडुपच्या पीएमसी बँकेत तर सुरुवातीला खात्यामागे फक्त १,००० रुपये मिळत होते. पैसा खात्यावर होता, पण गरजेच्या दिवशी हातात नव्हता.

म्हणून एवढं पाळा:
• शिल्लक दोन ठिकाणी ठेवा. एक हिस्सा राष्ट्रीयीकृत बँकेत, दुसरा पोस्टाच्या बचत खात्यात.
• बँकेतल्या ठेवीला एका बँकेत एका ठेवीदारामागे ५ लाखांपर्यंत विमा असतो. सहकारी बँकेलाही तो लागू आहे, पतसंस्थेला मात्र नाही. आणि विम्याचे पैसे मिळायला ९० दिवस लागू शकतात. दवाखाना तेवढा थांबत नाही.
• कर्ज असलेल्या बँकेत ही शिल्लक शक्यतो नको. हप्ता थकला तर त्या खात्याला होल्ड लागू शकतो.
• जास्त व्याजाच्या आमिषाने हा पैसा भिशीत किंवा कुठल्या स्कीममध्ये गुंतवू नका.
• खात्याला वारस लावा आणि पासबुक कुठे आहे ते घरात दोघांना माहीत असू द्या.

बी-बियाण्याचा पैसा आपण सणालाही मोडत नाही. हा पैसाही तसाच जपा. पुढचं पेमेंट जमा झालं की पहिले ५०० त्याच दिवशी बाजूला काढा.

हा मेसेज घरच्या मंडळींनाही वाचून दाखवा.