चट्टे रंगाचे की लाकडाचे?

आम्ही नातीसाठी पाइनचं पुस्तकांचं कपाट केलं. स्टेन लावला, तर ढगाळ चट्टे! दुसरा हात मारला. चट्टे आणखी गडद. दोष रंगाचा नव्हताच. पाइन सगळीकडे सारखं शोषत नाही. मऊ भाग जास्त पितो. तेव्हा आधी त्याची तहान थोडी भागवायची. 180 नंबरच्या पॉलिश पेपरनं रेषांच्या दिशेनं घासा. लिटरभर स्पिरिटमध्ये साधारण 100 ग्रॅम चपडा लाख विरघळवून एक पातळ हात द्या. वाळल्यावर हलकं घासा, मग ऑइल स्टेन लावून जास्तीचा पुसून काढा. स्पिरिटचा स्टेन नको, त्यात लाख विरघळते. रंग थोडा फिका येईल, पण एकसारखा. मात्र आधी उरलेल्या तुकड्यावर करून पाहा. आम्ही ते टाळलं आणि अख्खं कपाट पुन्हा घासत बसलो.