स्कूबा डायव्हिंग : पाठीवरच्या हवेचा हिशेब

पावसाळा सरला, समुद्र निवळू लागला की ऑक्टोबरपासून ग्रँड आयलंडच्या परिसरात स्कूबा डायव्हिंगच्या होड्यांची वर्दळ सुरू होते आणि ती मेपर्यंत टिकते. उत्तरेला मालवण-तारकर्ली आणि दक्षिणेला मुर्डेश्वरसमोरचे नेत्राणी बेट येथेही हंगाम साधारण हाच. हौस म्हणून एकदा बुडी मारून येणाऱ्यांबरोबर रीतसर प्रशिक्षण घेणारे स्थानिक तरुणही आता त्यात दिसतात. पाण्याखालचे मासे आणि प्रवाळ यांविषयी त्यांना भरभरून सांगितले जाते. पाठीवरच्या टाकीविषयी मात्र दोन-चार वाक्यांत आटोपले जाते.

त्या टाकीला बातम्यांतून सर्रास ‘ऑक्सिजन सिलिंडर’ म्हटले जाते. ते चुकीचे आहे. तिच्यात आपण एरवी श्वासात घेतो तीच हवा गाळून, कोरडी करून, प्रचंड दाबाखाली भरलेली असते. शुद्ध ऑक्सिजन सुमारे ६ मीटरपेक्षा खोल पाण्यात विषासारखा काम करू लागतो आणि पाणबुड्याला झटके येऊ शकतात. तेव्हा हा केवळ शब्दांचा कीस नव्हे.

नेहमीच्या वापरातील ॲल्युमिनियमच्या टाकीची पोकळी सुमारे ११ लिटरची असते. तिच्यात २०० बार दाबाने हवा भरली की ती मोकळ्यावरच्या २२०० लिटर हवेइतकी होते. मिनिटाला २० लिटर हवा वापरणाऱ्या माणसाला ती किनाऱ्यावर पावणेदोन तासांहून अधिक पुरेल. पाण्याखाली हे गणित पार बदलते. दर १० मीटर खोलीला पाण्याचा दाब एका वातावरणाने वाढतो. छाती त्या दाबाखाली फुलू शकावी म्हणून रेग्युलेटर भोवतालच्या पाण्याइतक्याच दाबाची हवा तोंडात सोडतो. दाब दुप्पट झाला की हवेचे आकारमान निम्मे होते, हा रॉबर्ट बॉईलने १६६२ मध्ये मांडलेला नियम. म्हणजे १० मीटरवर प्रत्येक श्वासात पृष्ठभागाच्या दुप्पट हवा खर्ची पडते, २० मीटरवर तिप्पट.

टाकीतले शेवटचे ५० बार राखीव ठेवले, तर वापरायला १६५० लिटर उरतात. मिनिटाला २० लिटरच्या हिशेबाने ती १० मीटरवर सुमारे ४१ मिनिटे पुरतात. १८ मीटरवर, म्हणजे प्राथमिक प्रमाणपत्रधारकांना सामान्यतः आखून दिलेल्या मर्यादेवर, अवघी २९ मिनिटे. शिवाय २० लिटर हा शांत माणसाचा आकडा. नवख्याचा वापर सहज २५ ते ३० लिटरवर जातो. तो हातांनी पाणी कापत राहतो, गरजेपेक्षा जास्त शिसे कमरेला बांधतो आणि मग बुडू नये म्हणून पाय मारत राहतो. थंडी, प्रवाह आणि भीती यांची त्यात भर पडते. सर्वांत मोठी बचत शिशाचे वजन नेमके ठेवण्यात आणि संथ पोहण्यात आहे.

काही जण हवा वाचवण्यासाठी दोन श्वासांमध्ये मुद्दाम थांबतात. हा उपाय घातक आहे. श्वास घेण्याची ओढ ऑक्सिजनच्या कमतरतेपेक्षा शरीरात साचणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमुळे लागते. तो वायू साचू दिला की डोके दुखते, धाप लागते आणि वाचवलेली हवा घाबरगुंडीत दुपटीने जाते. संथ, खोल आणि अखंड श्वास हाच योग्य. त्यातही उच्छ्वास लांब असावा.

हवा किती उरली हे सांगणारा दाबमापक सुरुवातीच्या काळात प्रत्येकाजवळ नसे. कुस्तो आणि गान्यां यांनी १९४३ मध्ये आपले श्वसनयंत्र तयार केल्यानंतर बरीच वर्षे अनेकांची भिस्त टाकीच्या राखीव झडपेवर होती. श्वास जड झाला की दांडी ओढायची आणि उरलेल्या थोड्या हवेवर वर यायचे. दांडी आधीच कुठे अडकून ओढली गेली असेल तर राखीव काहीच नसे. आज काटा समोर असतो, पण तो पाहिला तरच उपयोगाचा. दर काही मिनिटांनी पाहावा, खोलीत अधिक वेळा, आणि आपला आकडा हाताच्या खुणांनी जोडीदाराला सांगावा.

काट्याच्या दोन खोडी ठाऊक असाव्यात. काही मापकांवर बार असतात, काहींवर पीएसआय. २०० बार म्हणजे सुमारे २९०० पीएसआय आणि ५० बार म्हणजे ७२५. होडीवर मिळालेले मापक कोणते, हे उतरण्याआधीच पाहावे. दुसरी गोष्ट, उन्हात तापलेली टाकी फुगवून आकडा दाखवते. पाण्यात गार झाल्यावर तोच आकडा आठ-दहा बारने खाली येतो; ती गळती नसते.

उतरण्यापूर्वी काट्याकडे पाहत रेग्युलेटरमधून चार-पाच श्वास घ्यावेत. काटा स्थिर राहिला तर ठीक. प्रत्येक श्वासाला तो खाली झुकून पुन्हा वर येत असेल, तर टाकीची झडप पुरती उघडलेली नाही. असा दोष पृष्ठभागावर जाणवत नाही, खोलीत जाणवतो. हवेला तेलाचा किंवा धुराचा वास असेल तर ती टाकी परत करावी, मग होडी कितीही घाईत असो.

आता त्या ५० बारविषयी. पुष्कळांची समजूत अशी की काटा ५० वर आला की वर यायला निघायचे. समजा, १८ मीटरवर जोडीदाराची हवा संपली आणि दोघेही एकाच टाकीवर आले. घाबरलेल्या अवस्थेत प्रत्येकी ३० लिटर धरले, सावरायला एक मिनिट दिले, मिनिटाला ९ मीटर या वेगाने वर आले आणि ५ मीटरवर तीन मिनिटांचा सुरक्षा-थांबा घेतला, तर साडेसहाशेहून अधिक लिटर हवा लागते. ५० बारमध्ये ५५० लिटरच असतात. म्हणून ५० बार हा आकडा होडीजवळ पोहोचतानाचा धरावा. परतीची वाट त्याच्या बऱ्याच आधी, साधारण १०० बारवर धरावी आणि प्रवाह असेल तर जातानाच त्याच्या विरुद्ध जावे. हवा खरोखर संपत आली असेल तर सुरक्षा-थांबा सोडून द्यावा.

हवा कमी असल्याची खूण म्हणजे छातीवर मूठ. संपल्याची खूण म्हणजे गळ्यावरून आडवा फिरवलेला हात. जोडीदाराकडे दुसरा, बहुधा पिवळ्या रंगाचा, जादा रेग्युलेटर असतो. मात्र जोडीदार हाताच्या अंतरावर हवा. पाणी गढूळ झाले की आपल्या किनाऱ्यावर काही मीटरपलीकडचे दिसत नाही, तेव्हा पाच मीटर दूर असलेला सोबती असून नसल्यासारखा.

कोणीच जवळ नसेल आणि उथळ पाण्यात असाल तर रेग्युलेटर तोंडातच ठेवून, ‘आऽऽ’ असा स्वर काढीत, हवा सतत बाहेर सोडत वर यावे. श्वास कोंडून वर येणे ही यातली सर्वांत प्राणघातक चूक. १० मीटरवर भरलेली फुप्फुसे पृष्ठभागावर येताना दुप्पट हवा सामावू शकत नाहीत. ती फाटतात, आणि त्यासाठी दीड-दोन मीटरची चढणही पुरेशी ठरू शकते.

पर्यटकांच्या एकदिवसीय बुडीत काटा प्रशिक्षकाच्या ताब्यात असतो आणि तो टाकीला मागून धरून चालवतो. तरीही होडीवरच तीन प्रश्न विचारायला हरकत नाही : टाकीत आत्ता किती हवा आहे, किती उरल्यावर वर आणणार, आणि एका प्रशिक्षकाबरोबर किती जण उतरणार. तिसऱ्याचे उत्तर टाळले गेले तर होडीवर बसून राहण्याची मुभा प्रत्येकाला असते, पैसे भरलेले असले तरी.