थर्मलमधली गर्दी आणि टक्कर टाळणारे यंत्र

गर्दी कुठे होते

मार्च-एप्रिलच्या दुपारी कोल्हापूर परिसरातील नांगरलेली रानं आणि उघडे सडे तापतात. त्यांच्यावरची हवा गरम होऊन वर चढू लागते. या ऊर्ध्वप्रवाहाला वैमानिक थर्मल म्हणतात. घारी पंख न हलवता त्यातच घिरट्या घालून उंची मिळवतात. इंजिन नसलेले ग्लायडर नेमके हेच करते. ग्लायडरांच्या स्पर्धेत ठरलेला मार्ग कमीत कमी वेळात पुरा करायचा असतो. त्यामुळे चांगला थर्मल दिसला की सगळे त्याच्याकडेच वळतात आणि एकाच प्रवाहात थरावर थर फिरू लागतात. आधी आलेल्याने धरलेली दिशाच नंतरच्यांनी धरायची, हा नियम कडक पाळला जातो. तरी वरच्या वैमानिकाला स्वतःच्या पोटाखालचे काही दिसत नाही, आणि खालचे ग्लायडर अधिक वेगाने चढत असेल तर मधले अंतर झपाट्याने संपते.

दोन थर्मलांमधल्या पल्ल्यात धोका वेगळा असतो. ताशी 150 किलोमीटर वेगाची दोन ग्लायडर समोरासमोर आली तर त्यांच्यातले एक किलोमीटर अंतर 12 सेकंदांत मिटते. समोरून पाहता ग्लायडर म्हणजे एक छोटा ठिपका आणि दोन्ही बाजूंना केसाएवढी रेषा. त्यातून त्याचा रंग पांढरा, कारण उन्हात तापून त्याच्या बांधणीतले रेझिन मऊ पडू नये. उजळ ढगापुढे पांढरा ठिपका शोधणे अनुभवी डोळ्यालाही जड जाते.

प्रवासी विमानांची यंत्रणा का चालत नाही

12 नोव्हेंबर 1996 रोजी हरियाणातील चरखी दादरीजवळ सौदी आणि कझाक विमाने हवेत आदळली आणि 349 माणसे गेली. त्यानंतर भारताने मोठ्या विमानांना टक्कर टाळणारी यंत्रणा सक्तीची केली. ही यंत्रणा समोरच्या विमानातील ट्रान्सपाँडरला, म्हणजे रेडिओवरून आपोआप उत्तर देणाऱ्या उपकरणाला, विचारणा करते आणि एका विमानाला चढण्याची, दुसऱ्याला उतरण्याची आज्ञा देते. ग्लायडर आज्ञेबरहुकूम चढू शकत नाही. त्याची बॅटरी लहान असते. शिवाय थर्मलमध्ये शेजारी सदैव जवळच असल्याने अशी यंत्रणा सतत ओरडत राहील, आणि सतत ओरडणाऱ्या यंत्राकडे कोणी लक्ष देत नाही.

फ्लार्मचे कार्य

ही उणीव भरण्यासाठी स्वित्झर्लंडमध्ये 2004 साली फ्लार्म हे यंत्र आले. जीपीएस, हवेचा दाब मोजणारा संवेदक आणि कमी शक्तीचा रेडिओ हे त्याचे मुख्य भाग. जीपीएस संकेतांतील हेतुपुरस्सर ठेवलेली चूक अमेरिकेने मे 2000 मध्ये काढून टाकली. स्थान काही मीटरपर्यंत अचूक कळू लागल्यावरच असे स्वस्त यंत्र शक्य झाले. फ्लार्म साधारण दर सेकंदाला आपले स्थान आणि पुढच्या काही सेकंदांचा अंदाजित मार्ग प्रक्षेपित करते, इतरांचे मार्ग ऐकते आणि दोन्ही ताडून पाहते. संभाव्य टक्करीच्या सुमारे 18, 13 आणि 8 सेकंद आधी इशारा क्रमाने तीव्र होतो. घिरट्यांचा मार्ग वक्र धरला जात असल्याने वर्तुळाच्या पलीकडच्या बाजूला फिरणाऱ्या शेजाऱ्यावरून उगाच घंटा वाजत नाही. यंत्र फक्त दिशा दाखवते. कुठे वळायचे हे वैमानिकच ठरवतो.

अंगीकाराचे गणित

दोन्ही ग्लायडरांत यंत्र असेल तरच त्या जोडीला संरक्षण मिळते. इथेच खरी मेख आहे. चाळीस ग्लायडरांच्या स्पर्धेत 780 जोड्या होतात. निम्म्यांनी यंत्र बसवले तर फक्त 190 जोड्या, म्हणजे चौथ्या हिश्शाहूनही कमी, सुरक्षित होतात. छत्तिसांनी बसवले तर 630. पहिल्या काही खरेदीदारांना पैशाच्या मानाने फार थोडे मिळते, म्हणून निव्वळ स्वेच्छेवर सोडले की प्रसार रेंगाळतो. स्पर्धा मात्र मर्यादित गट असतो. संयोजक नोंदणीच्या वेळीच अट घालू शकतात आणि ज्यांच्याकडे यंत्र नाही त्यांना ते भाड्याने देता येते. मार्गावरचे वळणबिंदू गाठल्याचा पुरावा म्हणून स्पर्धकाला उड्डाणाची नोंद ठेवावीच लागते. फ्लार्मची अनेक मॉडेल हे कामही मान्यताप्राप्त रीतीने करतात, त्यामुळे सक्तीची झळ कमी बसते.

स्पर्धेची अडचण

हेच यंत्र दूरच्या प्रतिस्पर्ध्याची उंची आणि चढण्याचा वेगही दाखवते. एकाने कष्टाने शोधलेला थर्मल दुसऱ्याला पडद्यावर आयता मिळतो. यावर तोडगा म्हणून माहिती मर्यादित ठेवण्याची सोय आली: टक्करीचे इशारे कायम, पण दूरचा तपशील झाकलेला. यावरही आक्षेप आहे. आजूबाजूला कोण आहे हे लवकर कळले तर वैमानिक इशाऱ्याची वेळच येऊ देत नाही, असे विरोधक म्हणतात, आणि या मुद्द्यात बळ आहे. झाकायचेच असेल तर ओळख आणि चढण्याचा वेग झाकावा. तिथे कोणी आहे ही गोष्ट झाकू नये.

मर्यादा

कार्बन तंतूंचा सांगाडा रेडिओलहरी अडवतो. अँटेना चुकीच्या जागी बसली तर एखाद्या बाजूने यंत्र जवळजवळ बहिरे होते, म्हणून उड्डाणाच्या नोंदीवरून पल्ला तपासून पाहावा लागतो. आज्ञावली वेळेवर अद्ययावत केली नाही तर जुने आणि नवे यंत्र एकमेकांशी बोलू शकत नाहीत.

महाराष्ट्राच्या आकाशात

कोल्हापूरला जवळचे ग्लायडिंग केंद्र पुण्यातील हडपसरचे. ते 1950 पासूनचे, नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे. तिथे ग्लायडर विंचने, म्हणजे दोर गुंडाळणाऱ्या यंत्राने, ओढून हवेत सोडतात. प्रशिक्षणाची ही उड्डाणे धावपट्टीच्या आसपास असतात; युरोपीय स्पर्धांसारखी गर्दी तिथे होत नाही. थर्मल वाटून घेण्याची वेळ आपल्याकडे येते ती पॅराग्लायडरांवर, कामशेतच्या डोंगरांवर. पॅराग्लायडर सावकाश आणि फार लहान वर्तुळांत फिरतो, त्यामुळे फ्लार्मचे मार्गाचे अंदाज त्याला लागू पडत नाहीत. त्याची उपकरणे बहुधा केवळ आपले स्थान कळवतात. सावध होते ते जवळून जाणारे ग्लायडर. कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावर उतरणारे प्रवासी विमान तर फ्लार्मचे संकेत ऐकतच नाही. तिथल्या हवाई क्षेत्राजवळ उडायचे झाल्यास ट्रान्सपाँडर आणि नियंत्रण कक्षाशी रेडिओवरचे बोलणे, हेच उपाय उरतात.