जुलाबाची गोळी आणि आतड्यांचा दाह
जुलाब लागले की अनेकजण डॉक्टरांकडे न जाता मेडिकलमधून ओफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलची गोळी आणतात. ही दोन्ही अँटिबायोटिक्स ज्या गटांत मोडतात, त्यांच्याविषयी डेन्मार्कमधील एक अभ्यास डोळे उघडणारा आहे.

सुमारे 61 लाख लोकांच्या 2000 ते 2018 या काळातील नोंदी तपासून तो 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. अँटिबायोटिक घेतलेल्यांमध्ये क्रोन्स आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस या आतड्यांच्या दीर्घकालीन दाहाच्या आजारांचे प्रमाण अधिक आढळले. चाळिशीपुढे ही वाढ जवळपास 48 टक्के होती. औषधांचे कोर्स वाढले तसा धोकाही वाढला. सर्वाधिक संबंध दिसला तो याच दोन गटांशी. लघवीच्या संसर्गावरच्या नायट्रोफ्युरँटोइनशी मात्र तो दिसला नाही.

या औषधांनी आतड्यातील उपयुक्त जिवाणूही मरतात, त्यामुळे प्रतिकारयंत्रणेचा तोल बिघडत असावा. अर्थात, संबंध आढळणे म्हणजे कारण सिद्ध होणे नव्हे, आणि प्रत्येकासाठी मूळ धोका कमीच असतो. आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामकांचा वारंवार वापर आणि गर्भनिरोधक गोळ्या यांच्याबाबतही असा संबंध काही अभ्यासांत दिसला आहे.

साधे जुलाब बहुधा ओआरएस आणि विश्रांतीने बरे होतात. डॉक्टरांनी दिलेले औषध मनाने बंद करू नका. मनाने सुरूही करू नका. शौचातून रक्त पडत असेल, जुलाब काही आठवडे थांबत नसतील किंवा वजन घटत असेल, तर पोटविकारतज्ज्ञांना दाखवा.